शहराची सोय आणि पैशाची सोय
(न्यासाच्या रौप्यमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



मी पेशाने शिक्षक आहे, आणि वर्गात उभे राहून बोलण्याची सवय असली तरी ज्यांच्या मुलांना आपण शिकवले त्या वडील मंडळींपुढे बोलताना थोडा संकोच वाटतोच. आपण तो सांभाळून घ्याल, अशी खात्री आहे.

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. आपण राहतो गौतमपुऱ्यात. चंबळेच्या खोऱ्यात, माळव्याच्या काळ्या मातीवर. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. असे असता समुद्रकाठच्या मुंबई शहरातले रस्ते, पूल, पाणी आणि गटारे कशी झाली व त्यांचा पैसा कोठून आला, याची उठाठेव आपण का करावी? याचे कारण असे की, आपल्या न्यासापुढे आज जो प्रश्न आहे तोच प्रश्न मुंबईपुढे पावणेदोनशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत येत राहिला आहे. रौप्यमहोत्सवी निधी जमत आहे. त्यातून काय बांधावे, याविषयी मंडळींत दोन मते आहेत. एक पक्ष म्हणतो की पंचवीस वर्षांची आठवण म्हणून एक देखणी वास्तू उभी करावी. दुसरा पक्ष म्हणतो की वस्तीतल्या पाण्याची आणि सांडपाण्याची सोय आधी पाहावी. दोन्ही पक्षांत न्यासाचे हितचिंतकच आहेत. तेव्हा निर्णय घेण्यापूर्वी एका मोठ्या शहराने अशा कामी काय कमावले व काय गमावले, हे पाहणे उपयोगाचे होईल.

सार्वजनिक कामाचे तीन प्रश्न असतात. काय बांधायचे, पैसा कोणी द्यायचा, आणि बांधून झाल्यावर सांभाळायचे कोणी. पहिल्या प्रश्नावर सभा रंगतात, दुसऱ्यावर वाद होतात, आणि तिसऱ्याची वेळ येईपर्यंत बहुधा लोक उठून गेलेले असतात.

मुंबईकडे वळण्यापूर्वी आपल्या गावाचे नाव घेणे उचित होईल. सुभेदार मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने हे गाव ओळखले जाते. इ. स. १७३४ मध्ये पेशव्यांकडून गौतमाबाईंना खासगीची जहागीर मिळाली, आणि पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. दौलतीचा हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा. अहिल्याबाईंनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, मंदिरांचे जीर्णोद्धार केले, त्यांचा मोठा आधार ही खासगी होती. राज्याच्या तिजोरीला हात न लावता, ठरलेल्या उत्पन्नातून लोकोपयोगी कामे करायची आणि त्यांची देखभालही त्याच उत्पन्नातून चालवायची, ही रीत आपल्या घरचीच आहे. आमच्यात जिला सदका-ए-जारिया म्हणतात, म्हणजे देणारा गेल्यावरही जिचे पुण्य वाहत राहते अशी देणगी, आणि हिंदू धर्मशास्त्र ज्याला पूर्तकर्म म्हणते, त्या दोहोंत विहीर आणि तलाव यांचे स्थान फार वरचे आहे. हारून अल् रशीदची राणी जुबेदा हिने मक्केच्या यात्रेकरूंसाठी पाण्याचा कालवा बांधविला, तो तिच्या नावाने शतकानुशतके चालला. औरंगाबादेस मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या नहरीची कीर्ती आपण ऐकली असेल. बांधणारे निरनिराळ्या धर्मांचे होते. तहान मात्र सर्वांची सारखी.

आता मुंबई. आज जी एक सलग भूमी दिसते ती मूळची सात बेटे होती. भरतीच्या वेळी मधल्या सखल भागांत समुद्राचे पाणी शिरे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकिर्दीत वरळीजवळच्या खिंडारावर बांध घालण्यात आला, आणि मग हळूहळू भराव घालून बेटे जोडली गेली. ही कामे सरकारने केली. परंतु सरकारने नाकारलेले एक काम एका बाईने केले, ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

माहीम आणि वांद्रे यांच्या मध्ये खाडी होती. होडीतून ये-जा करावी लागे, आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसे दगावत. कंपनी सरकारने या कामासाठी पैसा देण्याचे मनावर घेतले नाही. तेव्हा दानशूर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि १८४५ साली माहीमचा बांधरस्ता वाहतुकीस खुला झाला. त्या काळात दीड लाख रुपये म्हणजे केवढी रक्कम, याचा विचार करावा. पण रकमेपेक्षाही मला त्या बाईंची अट महत्त्वाची वाटते. या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून सरकारने जकात घेऊ नये, असे त्यांनी ठरवून घेतले. कोळीण डोक्यावर पाटी घेऊन जाणार, भाजीवाला बैलगाडी घेऊन जाणार. त्यांच्याकडून पैसा घेतला तर दान कोणाला पोहोचले? म्हणजे देणगी देताना ती कोणाच्या उपयोगी पडणार, याचा बंदोबस्त त्यांनी आधीच केला. जमशेटजींनीही पुण्यात मुळामुठेवर बंधारा बांधण्यासाठी पैसा दिला. तेथील बागेला आजही बंड गार्डन म्हणतात.

दानाने पूल होऊ शकतो. पण शहर वाढले की दानाची झेप कमी पडते, हे मुंबईला पाण्याने शिकविले. पूर्वी मुंबई विहिरी आणि तलाव यांवर जगत असे. पुष्कळ विहिरी-तलाव शेठ-सावकारांनी बांधलेले होते. लोकसंख्या वाढली, विहिरी आटू लागल्या, आणि १८५४ साली पाऊस अपुरा झाला तेव्हा हाहाकार उडाला. शेवटी मिठी नदीवर विहार येथे धरण बांधून १८६० मध्ये शहरात प्रथम नळाचे पाणी आले. त्यामागोमाग १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. तानशाचे पाणी कित्येक कोसांवरून केवळ उताराने वाहत येते, हे त्या काळच्या इंजिनियरांचे कसब. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये वैतरणा नदीवरचे धरण पुरे झाले. त्या जलाशयाला मोडक सागर म्हणतात. ज्यांनी ते काम उभे केले ते महापालिकेचे इंजिनियर ना. वि. मोडक यांचे नाव त्याला दिले आहे. मंत्र्यांची आणि राजांची नावे सर्वत्र असतात. नोकरीत राहून शहराला पाणी पाजणाऱ्या इंजिनियराचे नाव तलावाला मिळाले, ही गोष्ट मी मुलांना दरवर्षी सांगतो.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. नळाचे पाणी आले, पण आलेले पाणी जाणार कोठून, याची व्यवस्था त्या वेगाने झाली नाही. घरोघरी पाणी सांडू लागले, जमीन ओलसर राहू लागली, आणि दाट वस्तीच्या चाळींखाली दलदल झाली. पाणी आणणाऱ्याची मिरवणूक निघते. गटार बांधणाऱ्याची निघत नाही. त्याचे फळ मुंबईने पुढे भोगले.

त्याआधी मात्र एक सोन्याचा पूर आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, त्यामुळे आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पाऊस पडला, आणि त्या पैशातून समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनी ही त्यांपैकी सर्वांत गाजलेली. प्रेमचंद रायचंद यांचे नाव त्या काळी जादूगाराप्रमाणे घेतले जाई. जमीन अद्याप पाण्याखाली होती, पण तिच्या शेअरांचे भाव आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मोठमोठ्या पेढ्या बसल्या. विधवांची पुंजी आणि कारकुनांची शिल्लक त्यात बुडाली. भराव घालणे ही कल्पना खोटी नव्हती. पैसा मात्र कामाच्या मोजमापावर उभा न राहता अफवेवर उभा राहिला होता. ज्या योजनेचा हिशेब सामान्य वर्गणीदाराला समजत नाही, तिच्यात त्याने पैसा घालू नये, एवढा धडा त्यातून घेतला तरी पुरे.

त्याच वर्षी आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला. माणूस कर्तबगार. त्याने गटारे काढली, रस्ते केले, आज महात्मा जोतिबा फुले यांचे नाव धारण करणारी मोठी मंडई त्याच्या काळात उभी राहिली. परंतु खर्चावर लगाम नव्हता, आणि करदात्याला विचारण्याची पद्धत नव्हती. तिजोरी रिकामी झाली, कर वाढले, आणि नागरिकांनी जोराची चळवळ केली. तिचे फळ म्हणजे १८७२ चा कायदा. त्याने चौसष्ट सभासदांचे मंडळ नेमले, आणि त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. पुढच्याच वर्षी बद्रुद्दीन तय्यबजी त्या मंडळात आले. १८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा घडविण्यात फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता, आणि दुरुस्त्यांसह तोच कायदा अद्याप चालू आहे. विद्यार्थ्यांना नागरिकशास्त्र शिकविताना मी हे आवर्जून सांगतो की आपल्या देशात मतपेटीची शिकवणी पुष्कळ अंशी गटार आणि घरपट्टी यांच्या वादात झाली. ज्याचा पैसा, त्याला विचारले पाहिजे, हे तत्त्व तेथून रुजले.

मग प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. ज्या अंधाऱ्या, ओलसर चाळींचा मी आता उल्लेख केला तेथे त्याने थैमान घातले. लोक शहर सोडून पळाले, गिरण्या ओस पडल्या. तेव्हा सरकारला जाग आली आणि १८९८ मध्ये कायदा करून मुंबई शहर सुधार ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टच्या पैशाची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. सरकारने आणि म्युनिसिपालिटीने आपल्या मोकळ्या जमिनी त्याच्या स्वाधीन केल्या. म्युनिसिपालिटीने दरवर्षी काही रक्कम द्यायची. ट्रस्टने बाजारात कर्जरोखे काढायचे, त्या पैशातून दाट वस्ती मोकळी करायची, मधून रुंद रस्ता काढायचा, आणि रस्त्यामुळे ज्या जमिनींचे मोल वाढले त्या भाड्याने देऊन कर्ज फेडायचे. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, महंमदअली रोड ही या ट्रस्टची कामे. दादर-माटुंग्याची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही त्याने आखलेल्या भूखंडांवर वसली. समुद्रावरचा वारा शहरात खेळावा म्हणून रस्ते पूर्व-पश्चिम काढण्याची कल्पनाही त्यात होती.

काम मोठे झाले, यात शंका नाही. पण ज्या गरिबांच्या नावाने ते सुरू झाले त्यांचे काय झाले? जितक्या खोल्या पाडल्या तितक्या वेळेवर उभ्या राहिल्या नाहीत. उठविलेली माणसे शेजारच्या गल्लीत जाऊन आणखी दाटीत राहू लागली. रुंद रस्त्यावर नव्या इमारती झाल्या, त्यांची भाडी हमालाला झेपणारी नव्हती. जमिनीचे मोल वाढवून खर्च भागविण्याच्या योजनेत हा धोका मुळातच असतो. ज्याच्यापाशी जमीन आहे त्याचे भले आपोआप होते. ज्याच्यापाशी नाही त्याच्यासाठी वेगळी तरतूद करावी लागते, आणि ती पहिल्याच कागदावर करावी लागते. १९३३ मध्ये हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. नावात ट्रस्ट, म्हणजे विश्वास, हा शब्द होता. आपल्याही नावात तोच आहे, म्हणून इतके सविस्तर सांगितले.

१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात आणखी एक मोठा डाव मांडला गेला. डेव्हलपमेंट खाते निघाले. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या आणि बॅकबेच्या समुद्रात ११४५ एकर जमीन काढायची, असा बेत. त्यासाठी लोकांकडून कर्ज काढले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया पट्टी बसविली. खोल्यांचा बेत अर्ध्यावरही गेला नाही. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. लोक त्यांना बी.डी.डी. चाळी म्हणतात. गिरणगावच्या कित्येक पिढ्या तेथे वाढल्या, हे खरे. पण आरंभी भाडे जास्त आणि सोयी कमी म्हणून पुष्कळ खोल्या रिकाम्याच राहिल्या होत्या. समुद्रातल्या जमिनीची कथा तर याहून करुण. ओतलेला गाळ पाण्याबरोबर वाहून जाऊ लागला, खर्चाचे अंदाज फुगत गेले, आणि ठरलेल्या जमिनीपैकी निम्म्याहून कमी जमीन हाती आली. खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर उघड टीका केली. एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला, आणि नरिमन निर्दोष सुटले. त्याच किनाऱ्यावर पुढे भराव होऊन जो भाग तयार झाला त्याला त्यांचेच नाव मिळाले. हिशेब मागणाऱ्याचे नाव शहराने जमिनीवर कोरले, असे उदाहरण विरळा.

आता अलीकडचे पाहू. मुंबईच्या महापालिकेचे मोठे उत्पन्न दीर्घकाळ जकातीवर होते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, आणि तिच्या बदल्यात राज्य सरकारकडून भरपाई मिळू लागली. घरपट्टी, पाणीपट्टी, इमारतींच्या परवानग्यांचे शुल्क आणि बँकांतील ठेवी, ही तिची इतर साधने. याच बळावर तिने समुद्रकिनाऱ्याचा मार्ग, ज्याला कोस्टल रोड म्हणतात, स्वतःच्या पैशातून हाती घेतला. मरीन ड्राइव्हपासून वरळीला सागरी सेतूपर्यंत सुमारे साडेदहा किलोमीटर, त्यात सुमारे दोन किलोमीटरांचे जुळे बोगदे. काम २०१८ मध्ये सुरू झाले, आणि मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला. खर्च १२ हजार कोटींच्या वर गेला. त्यावर टोल नाही. उलट, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला शिवडी ते न्हावाशेवा हा सुमारे २२ किलोमीटरांचा अटल सेतू जपानी संस्थेच्या कर्जातून झाला, आणि त्यावरून जाणाऱ्या मोटारीला टोल द्यावा लागतो. दोन्ही कामे त्याच शहराची. एकाचा भार सर्व करदात्यांवर, दुसऱ्याचा भार वापरणाऱ्यावर. यांत कोणते बरोबर? प्रामाणिकपणे सांगायचे तर दोन्हींना आधार आहे. जो वापरतो त्याने द्यावे, हे न्यायाचे दिसते. पण जेथे गरिबालाही जाणे भाग आहे तेथे लेडी आवाबाईंची अट आठवावी लागते. आणि जेथे मुख्यतः मोटारवालेच जातात तेथे पायी चालणाऱ्याच्या करातून खर्च का व्हावा, हाही प्रश्न विचारावाच लागतो.

या मार्गाचे एक प्रकरण मला फार बोलके वाटते. वरळीचे कोळी म्हणाले की पुलाचे खांब इतके जवळ ठेवाल तर आमच्या होड्या समुद्रात जाणार कशा? नकाशात दोन खांबांमधले अंतर ६० मीटर होते. सल्लागार म्हणत होते की तेवढे पुरते. कोळ्यांचे म्हणणे की भरतीत, वाऱ्यात, लाटेवर होडी सरळ रेषेत जात नाही. वर्षानुवर्षे वाद चालला, काम अडले, आणि अखेर एक खांब गाळून ते अंतर १२० मीटर करण्यात आले. भरावाच्या परवानगीवरून हे काम २०१९ मध्ये उच्च न्यायालयातही अडले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुढे चालू ठेवू दिले. मी म्हणतो, समुद्राची माहिती पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातात आहे त्यांना आखणीच्या पहिल्या बैठकीला बोलाविले असते तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचले असते.

समुद्र सोडून आपण आता घराकडे येऊ. आपल्या इंदूरलाही प्लेगने छळले होते. तेव्हा होळकर दरबाराने पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश पंडिताला बोलाविले. त्यांचा इंदूरच्या नगररचनेवरचा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला. पुढच्या वर्षी ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. मोठे रस्ते काढण्यासाठी घरे पाडण्याची जी घाई मुंबईत झाली तिचा त्यांना तिटकारा होता. जेथे अडचण आहे तेवढीच भिंत काढा, पडीक जागी झाड लावा, विहीर साफ करा, असे ते सांगत. त्यांच्या चरित्रकारांनी एक हकिकत नोंदविली आहे. दिवाळीच्या मिरवणुकीचा नेहमीचा मार्ग त्यांनी बदलला. ती हिंदूंच्या ठरलेल्या वाटेनेही जाणार नाही आणि मुसलमानांच्याही नाही. ज्या मोहल्ल्यातली घरे आणि गल्ल्या सर्वांत स्वच्छ असतील त्या वाटेने जाईल, असे त्यांनी जाहीर केले. मग काय, मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती, ती शेवटी जाळली. आणि रस्ते झाडणारे कामगार त्या मिरवणुकीत स्वच्छ पांढऱ्या पोशाखात मानाने चालले. पैसा फारसा न खर्चता एका शहराकडून इतके काम करून घेतल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

पाण्याची गोष्टही तशीच. इंदूरसाठी होळकरांच्या काळात, १९३९ मध्ये, गंभीर नदीवर यशवंत सागर झाला. शहर त्याहून मोठे झाले. १९७० मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूरकरांनी आंदोलन केले, आणि १९७८ मध्ये सुमारे ७० किलोमीटरांवरच्या जलूदहून ते पाणी शहरात पोहोचले. पण तानशाचे पाणी उताराने येते, नर्मदेचे चढावर ढकलावे लागते. म्हणून विजेचे बिल कायमचे मागे लागले. हे बिल कमी करण्यासाठी इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले, त्यातून जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर वीज प्रकल्प उभारायचा या हेतूने. सामान्य नागरिकालाही हे रोखे घेता येत होते, आणि मागणीच्या मानाने रोखे अपुरे पडले. पुणे महापालिकेनेही २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले होते. रोखा म्हणजे काय, हे घरातल्या मंडळींसाठी सोपे करून सांगतो. शहर आपल्याकडून पैसे उसने घेते, ठरल्या दराने व्याज देते आणि मुदतीत मुद्दल परत करते. हे देणगी नव्हे. त्यामुळे ज्या शहराचे हिशेब स्वच्छ, ज्याची घरपट्टी वेळेवर वसूल होते, त्यालाच लोक उसने देतात. म्हणजे घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येक घराने त्या शहराची पत थोडी वाढविलेली असते.

मंडळी, आता आपल्या निधीविषयी. काहीजण म्हणतील की आपण धर्मादाय न्यास आहोत, म्युनिसिपालिटी नव्हे. गटारे बांधणे आपले काम नाही. हे अगदी खरे आहे, आणि ते काम आपण अंगावर घेऊही नये. नगर परिषद आहे, तिला आपण कर देतो, तिच्याकडून ते हक्काने मागावे. परंतु मागण्यासाठीही तयारी लागते. गल्लीची लांबी, उतार, घरांची संख्या, पावसाळ्यात पाणी कोठे तुंबते, याचा नकाशा आपण करून दिला तर अर्जाला वजन येते. गेल्या वर्षी मी नववीच्या मुलांना गणिताच्या तासाला हेच काम दिले. त्यांनी टेप घेऊन एक गल्ली मोजली, विटा, सिमेंट, मजुरी यांचा अंदाज काढला. आकडे पुष्कळ अंशी बरोबर होते. पण पाच गटांपैकी एकाही गटाने पुढे ती नाली साफ करणाऱ्याचा पगार धरला नव्हता. मी त्यांना विचारले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, “सर, ते तर आपोआप होतं ना?” तिची काय चूक? मोठ्यांच्या योजनांतही ते आपोआपच धरलेले असते.

याचे एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. कोणाचा नामनिर्देश करीत नाही. एका सज्जनाने मोठ्या श्रद्धेने रस्त्याकडेला पाणपोई बांधून दिली. फरशी उत्तम, संगमरवरी पाटी उत्तम. आज तिचे तीन नळ मोडले आहेत, टाकी कोरडी आहे, आणि पाटी मात्र स्वच्छ वाचता येते. दात्याचा हेतू शुद्ध होता. त्याबरोबर वर्षाकाठी नळ दुरुस्त करण्यापुरती ठेव ठेवली असती तर चैत्र-वैशाखात तेथे माणसे पाणी पीत असती.

म्हणून माझी विश्वस्त मंडळींना नम्र सूचना अशी की, रौप्यमहोत्सवी निधीचे सरळ दोन भाग करावेत. एका भागातून जे बांधायचे ते बांधावे. दुसरा भाग ठेव म्हणून ठेवावा, आणि त्याच्या व्याजातून केवळ देखभाल व्हावी. त्या मुद्दलाला कोणत्याही कारणाने हात लागू नये, असा ठराव याच वर्षी व्हावा. बांधावयाच्या कामांत पिण्याचे पाणी पहिले, आणि त्याच्या सांडपाण्याची वाट त्याच अंदाजपत्रकात. ज्या घरांतून बायका आणि मुली आज पाणी भरतात त्यांना आखणीच्या बैठकीला बोलवावे. वरळीच्या कोळ्यांप्रमाणे त्यांना जे ठाऊक आहे ते कागदावर कोठेच नसते. खर्चाचा हिशेब दरमहा फळ्यावर लिहावा, शाळकरी पोरालाही वाचता येईल अशा अक्षरात. आणि ज्या दोन-तीन कुटुंबांच्या भिंती कामात जाणार असतील त्यांची व्यवस्था कामापूर्वी व्हावी, नंतर नव्हे.

देखण्या वास्तूचा आग्रह धरणाऱ्या माझ्या मित्रांना मी दुखवू इच्छित नाही. त्यांच्या मनात संस्थेचा अभिमान आहे, आणि अभिमान ही चांगली वस्तू आहे. माझे म्हणणे इतकेच की ज्या वस्तीत पावसाळ्याचे पाणी उंबऱ्याशी येते तेथे कमानीखालून जाणारी माणसे लुगडी-पायजमे वर धरून जातील. आधी पाणी वाटेला लावू. मग पुढच्या पंचवीस वर्षांत आपली मुले कमान बांधतील, आणि ती आपल्यापेक्षा चांगली बांधतील.

न्यासाला दीर्घायुष्य लाभो, आणि त्याने लावलेल्या नळाला पाणी येत राहो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.